विश्लेषण : कुणी धावतो, कुणी थबकतो… संकटात मदतीला जाण्यामागे भावनांचा वाटा किती?

उल्हास नदीने पातळी ओलांडली की बदलापूर पश्चिमेकडील हेंद्रेपाड्यासारख्या सखल भागांत पाणी शिरते. स्थानकाच्या पूर्वेला असलेल्या कात्रपमध्ये त्या पाण्याची चित्रफीत काही मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर पोहोचते. चित्रफीत सगळे पाहतात, वाईटही सगळ्यांना वाटते. त्यानंतर कुणी रेनकोट चढवून बाहेर पडतो, कुणी हात जोडल्याची खूण टाकून फोन बाजूला ठेवतो. पहिला मनाने चांगला आणि दुसरा निर्दय, असे याचे सोपे उत्तर दिले जाते. मानसशास्त्रातील पन्नासहून अधिक वर्षांचे संशोधन मात्र तसे सांगत नाही. भावना दोघांच्याही मनात असते. ती कोणती, ती कुठे वळते आणि तिला करण्यासारखे काही काम सापडते का, यावर मदत ठरते. बदलापूर-वांगणी पट्ट्यातील अलीकडच्या वर्षांतील घटनांच्या आधारे हे समजून घेता येईल.

२७ जुलै २०१९ रोजी काय घडले?

मुंबईहून २६ जुलै २०१९ च्या रात्री कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस मुसळधार पावसात बदलापूर आणि वांगणी या स्थानकांदरम्यान अडकली. उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले आणि २७ जुलैच्या पहाटे गाडीच्या चारही बाजूंना पाणी होते. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते. त्यांत लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती महिलाही होत्या. गाडीतून उतरू नका, आत राहणेच सुरक्षित आहे, असे आवाहन रेल्वेने प्रवाशांना केले.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल बोटी घेऊन आले. नौदल आणि हवाई दलही मदतीला आले. आसपासच्या गावांतील रहिवासीही पाण्यातून वाट काढत पुढे झाले. दुपारपर्यंत सर्व प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले आणि पुढे कल्याणहून विशेष गाडीने त्यांना कोल्हापूरकडे रवाना करण्यात आले.

हे प्रवासी गावकऱ्यांच्या ओळखीचे नव्हते. ते या भागात राहणारेही नव्हते, केवळ येथून चालले होते. तरी लोक का धावले? दहा वेळा चित्रफीत पाहूनही इतर अनेकदा कुणी का उठत नाही?

वाईट वाटणे आणि मदत करावीशी वाटणे एकच नाही का?

नाही. दुसऱ्याचे हाल पाहताना मनात दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. एक म्हणजे कळवळा. यात लक्ष समोरच्या माणसाकडे असते. त्याला थंडी वाजत असेल, त्याच्या घरचे काळजीत असतील, असे विचार येतात. दुसरी म्हणजे घालमेल. यात लक्ष स्वतःकडे वळते. ‘मला हे बघवत नाही’ असे वाटते आणि ते न बघण्याचा मार्ग माणूस शोधू लागतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन यांनी १९८१ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेला प्रयोग यासंदर्भात नेहमी सांगितला जातो. एका तरुणीला विजेचे सौम्य झटके बसत असल्याचे सहभागींना पडद्यावर दाखवण्यात आले. झटके प्रत्यक्षात खोटे होते, पण सहभागींना ते ठाऊक नव्हते. त्यांना तिची जागा घेण्याची मुभा होती. काहींना थोडा वेळ पाहून निघून जाण्याचीही परवानगी होती. ही तरुणी आपल्याच विचारांची आहे असे ज्यांना भासवले होते, त्यांच्यापैकी बहुतेकांनी निघून जाण्याची संधी असतानाही तिची जागा घेण्याची तयारी दाखवली. ती आपल्याहून वेगळी आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी बहुतेकांनी सुटकेचा मार्ग मिळताच तो धरला.

फोनच्या पडद्यावर सुटकेचा मार्ग नेहमीच हाताशी असतो. अंगठा वर सरकवला की पूर नाहीसा होतो आणि घालमेल थांबते. म्हणूनच चित्रफीत जितकी भीषण, तितकी मदत जास्त, असे गणित बसत नाही. असह्य दृश्य अनेकदा माणसाला दूर ढकलते.

गर्दी असली की मदत अडते, हे खरे का?

अर्धे खरे आहे. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीची हत्या झाली आणि ३८ जणांनी ती पाहूनही काही केले नाही, अशी बातमी प्रसिद्ध झाली. ती बातमी अतिरंजित असल्याचे पुढे स्पष्ट झाले. मात्र तिच्यामुळे जॉन डार्ली आणि बिब लाताने या संशोधकांनी एक महत्त्वाचा प्रयोग केला, तो १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या खोल्यांत बसून ध्वनियंत्रणेवर चर्चा करणाऱ्या विद्यार्थ्यांना अचानक एकाला झटका आल्याचे ऐकू येते. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण तो बोलत असतानाच मदतीला उठले. आणखी एक जण ऐकतो आहे असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्के, तर आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत ३१ टक्के होते.

या प्रयोगातील सर्वांत बोलके निरीक्षण आकड्यांच्या पलीकडचे आहे. जे उठले नाहीत ते बेफिकीर नव्हते. संशोधक खोलीत गेले तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम आला होता आणि ‘तो बरा आहे ना?’ असे ते विचारत होते. त्यांच्या भावना तीव्र होत्या. जाण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, हे मात्र ठरत नव्हते.

आता उरलेले अर्धे. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या शहरांतील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण तपासणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एक तरी अनोळखी माणूस मध्ये पडला होता. बघणारे जितके जास्त, तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त होती. म्हणजे गर्दीतला एकेक माणूस कचरत असला, तरी कुणीतरी सुरुवात केली की बाकीचे सरसावतात. पहिले पाऊल कोण टाकणार, एवढाच प्रश्न असतो.

घाईचा काही संबंध आहे का?

लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्यांना हा प्रश्न जवळचा वाटेल. १९७३ मध्ये प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात त्यांना दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले गेले. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के जण मदतीसाठी थांबले. उशीर झाला आहे असे सांगितलेल्यांपैकी केवळ १० टक्के थांबले. काहींचे भाषण तर वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या बायबलमधील कथेवरच होते, तरीही त्याने मोठा फरक पडला नाही.

सकाळी स्थानकाचा जिना उतरताना कुणी चक्कर येऊन बसलेला दिसला आणि लोक पुढे गेले, तर ती माणुसकी संपल्याची खूण मानण्याचे कारण नाही. लोकल चुकण्याच्या ताणामुळे लक्ष आक्रसते आणि कळवळा उमटायला लागणारे दोन-चार क्षणच मिळत नाहीत.

वांगणी स्थानकातील घटना काय सांगते?

१७ एप्रिल २०२१. वांगणी स्थानकात एका दृष्टिहीन आईचा हात धरून चाललेला लहान मुलगा तोल जाऊन रुळांवर पडला. समोरून उद्यान एक्स्प्रेस वेगात येत होती. आई फलाटावर चाचपडत होती. कर्तव्यावर असलेले पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून गाडीच्याच दिशेने धावले, मुलाला फलाटावर चढवले आणि स्वतः वर आले. पाठोपाठ गाडी धडधडत निघून गेली. सीसीटीव्हीतले हे काही सेकंद देशभर पाहिले गेले. रेल्वे मंत्रालयाने शेळके यांना ५० हजार रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी त्या मुलाच्या कुटुंबाला देऊ केली. आपणही संकटात सापडू शकतो असा विचार क्षणभर मनात आला होता, असे शेळके यांनी नंतर सांगितले. भीती होती, पण तिने पाय अडवले नाहीत.

यात शौर्य आहेच. शिवाय वर पाहिलेले अडथळेही येथे नव्हते. तेथे जबाबदारी वाटून घ्यायला दुसरे कुणी नव्हते. रूळ, गाडीचा वेग आणि फलाट हे शेळके यांच्या रोजच्या कामाचे भाग होते. त्यामुळे काय करायचे, हे ठरवण्यात वेळ गेला नाही. दुसऱ्याचा जीव वाचवल्याबद्दल अमेरिकेत कार्नेगी पदक मिळालेल्या ५० हून अधिक लोकांच्या मुलाखती २०१४ मध्ये संशोधकांनी तपासल्या, तेव्हा बहुतेकांनी हेच सांगितले होते : विचार करत बसलो नाही, आधी धावलो. मात्र असे धावणे सुरक्षितही ठरावे, यासाठी परिसराची माहिती आणि सराव लागतो.

हजारोंपेक्षा एकाचे दुःख का भिडते?

वांगणीचा तो मुलगा देशाला आपला वाटला. त्याच महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेतील रुग्णांचे आणि मृत्यूंचे आकडे रोज प्रसिद्ध होत होते, पण आकड्यांनी डोळ्यांत तसे पाणी येत नव्हते. यालाही अभ्यासाचा आधार आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहभागींना देणगीचे आवाहन करण्यात आले. काहींना आफ्रिकेतील एका मुलीचे नाव आणि छायाचित्र दाखवले, काहींना उपासमारीचे लाखोंचे आकडे दिले. मुलीसाठी सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकड्यांसाठी १.१४ डॉलर. मुलगी आणि आकडे दोन्ही एकत्र दिले, तेव्हा रक्कम वाढली नाही. ती १.४३ डॉलरवर आली.

याचा अर्थ, प्रश्न फार मोठा आहे असे सांगितल्याने मदत वाढेलच असे नाही. ‘माझ्या शंभर रुपयांनी काय होणार’ ही हताशा कळवळ्यावर पाणी टाकते. दुसरी बाजू अशी की, ज्याचे छायाचित्र पसरले त्याला भरभरून मिळते आणि शेजारच्या घरात तितकेच पाणी शिरले असूनही तेथे कुणी फिरकत नाही. कळवळा खरा असला तरी तो न्याय्य वाटप करतोच असे नाही.

भीती आणि राग मदतीच्या आड येतात का?

भीती अनेकदा येते. करोनाच्या पहिल्या महिन्यांत देशात अनेक ठिकाणी डॉक्टर आणि परिचारिकांना त्यांच्याच इमारतींत त्रास सहन करावा लागला. अखेर एप्रिल २०२० मध्ये केंद्राला त्यांच्या संरक्षणासाठी अध्यादेश काढावा लागला. त्याच काळात इतर अनेक जण अनोळखी लोकांच्या दारी डबे पोहोचवत होते. विषाणूचा धोका दोघांनाही होता.

रस्ते अपघातात भीती वेगळी असते. पोलीस चौकी, साक्ष, न्यायालयाच्या चकरा यांची. ती कमी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आणले गेले. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. कात्रपहून कर्जतच्या दिशेने दुचाकीवर ये-जा करणाऱ्या प्रत्येकाने हे कलम लक्षात ठेवावे असे आहे. माणसांच्या मनातली भीती उपदेशाने जात नाही, ती नियम बदलल्याने कमी होते.

राग मात्र दुधारी आहे. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात संतप्त नागरिकांनी कित्येक तास रेल्वे रोखली. शाळेतील दोन लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात झालेल्या दिरंगाईविरुद्धचा तो उद्रेक होता. त्यानंतर यंत्रणा हलली, मुंबई उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. रागाने लोक घराबाहेर येतात आणि शांत बसलेल्यांना उत्तर द्यावे लागते, हे खरेच. पण राग दोषी शोधतो. पीडितांना काय हवे, हे कळवळ्याला विचारावे लागते. अशा प्रकरणांत त्यांची पहिली गरज असते ती ओळख गुप्त राहण्याची. बालकांची ओळख उघड करणे पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. तरीही रागाच्या भरात नावे आणि तपशील पुढे ढकलणारे हात आपण मदतच करत आहोत, असे समजत असतात.

‘आपली माणसे’ कशी ठरतात?

७ जुलै २००५ च्या लंडनमधील बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांशी बोलून ब्रिटनमधील जॉन ड्रुरी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, अंधाऱ्या बोगद्यात अडकलेल्या अनोळखी प्रवाशांनी चेंगराचेंगरी करण्याऐवजी एकमेकांना पाणी दिले, जखमा बांधल्या असे आढळले. ‘आपण सगळे एकाच संकटात आहोत’ ही जाणीव होताच अनोळखी माणसांचा एक गट तयार होतो. जे आपले, त्यांच्यासाठी कळवळा सहज येतो.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबई आणि ठाणे जिल्ह्याने हेच अनुभवले. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, उल्हास नदीच्या काठची शहरे पाण्यात गेली. रुळांवरून चालत निघालेल्यांना वाटेतल्या वस्त्यांनी चहा, बिस्किटे आणि रात्रीपुरता आसरा दिला. रोज एकाच डब्यात उभे राहणाऱ्यांना हा ‘आपण’ नवा नव्हता.

२०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस पाहणाऱ्या बदलापूरकरांनाही पाणी शिरणे म्हणजे काय, हे सांगावे लागले नाही. मात्र या ‘आपण’ला कुंपणही असते. भाषा, जात, गाव, भाडेकरू की मालक, यांवरून ते घातले जाते. कुंपणापलीकडच्या माणसाची चित्रफीत तीच असली तरी ती पाहून होणारा विचार बदलतो.

भावना ओसरल्यावर काय उरते?

महालक्ष्मीचे प्रवासी कोल्हापूरला पोहोचल्यानंतर काही दिवसांतच, ऑगस्ट २०१९ च्या सुरुवातीला, कोल्हापूर आणि सांगली महापुरात बुडाले. राज्यभरातून मदतीचे ट्रक निघाले. अशा प्रत्येक आपत्तीत पहिल्या आठवड्यात मदत ओसंडते आणि महिनाभराने, भिंती पाडून नव्याने बांधायच्या वेळी, ती आटते. बातमीबरोबर भावनाही मागे पडते.

घाईत दिलेली मदत नेहमी उपयोगी पडतेच असेही नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील नागपट्टिणम येथे देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. ज्यांनी ते पाठवले त्यांची भावना खोटी नव्हती. काय हवे आहे, हे कुणी विचारले नव्हते.

मग भावनेला कामाला कसे लावायचे?

पहिली गोष्ट, मदत मागताना एकाला मागावी. ‘कुणीतरी फोन करा’ असे ओरडण्याऐवजी ‘निळा शर्ट घातलेले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा’ असे म्हणावे. नाव नसले तरी खूण पुरते. जबाबदारी एका माणसावर आली की तो हलतो. १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ कोणत्याही आणीबाणीसाठी आणि १३९ रेल्वेसाठी, हे तीन क्रमांक फोनमध्ये असावेत.

दुसरी, कामे पावसाआधीच वाटून ठेवावीत. सोसायटीत एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची यादी कुणाकडे, प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे, चारचाकी कोण काढणार, हे मे महिन्याच्या बैठकीत ठरले तर जुलैच्या रात्री विचार करावा लागत नाही. प्रथमोपचाराचे एक प्रशिक्षण दहा हळहळणाऱ्यांपैकी एकाला धावणारा बनवू शकते.

तिसरी, पुराच्या पाण्यात उत्साहाने उतरू नये. वाहत्या पाण्यात उतरणाऱ्या मदतगाराचीच सुटका करावी लागते. बोट आणि दोर असलेल्यांना वाट मोकळी ठेवणे, सुटून आलेल्यांना कोरडे कपडे, गरम चहा आणि घरी लावायला फोन देणे, ही कामेही तितकीच गरजेची असतात.

चौथी, चित्रफीत पुढे पाठवण्याआधी तिची तारीख पाहावी. मागच्या वर्षीचा पूर यंदाचा म्हणून फिरला की लोक एकदा धावतात, दुसऱ्यांदा खऱ्या हाकेलाही उठत नाहीत. पाठवायचीच तर तिच्यासोबत ठिकाण, काय हवे आणि कुणाशी संपर्क करायचा, हे तपासून लिहावे. मग ती पाहणाऱ्याला काहीतरी करण्याची वाट मिळते.

पाचवी, तारीख लावून मदत करावी. हळहळ ताजी असतानाच महिनाभरानंतरची एक तारीख ठरवावी. पूर ओसरल्यावर चिखल काढणे, भिजलेल्या शिधापत्रिका आणि दाखल्यांच्या प्रती मिळवून देणे, मुलांना वह्या-पुस्तके पुरवणे ही कामे तेव्हा सुरू होतात आणि तेव्हाच माणसे कमी पडतात.

लोकांची मने दगडाची झाली आहेत, ही तक्रार प्रत्येक दुर्घटनेनंतर होते. थरथरत्या हातांनी खोलीत बसून राहिलेल्या त्या विद्यार्थ्यांनी तिचे उत्तर देऊन ठेवले आहे. भावना बहुतेकांकडे असते. तिला एक नाव, एक काम आणि एक वेळ मिळाली, तर पाणी चढण्याआधी उठणाऱ्यांची संख्या वाढते.